सशाची सर्दी

सशासंबंधीं आपल्याकडे गोष्टी पुष्कळ आहेत. त्यानें सिंहाला विहिरींत उडी घ्यावयास लाविलें, कांसवाशीं शर्यत लावून तो हरला, चंद्रावर जाऊन बसला, आणि पाठीवर पान पडतांच आभाळ कोसळलें म्हणून धांवत सुटला. परंतु ससा शिंकला, अशी एकहि गोष्ट माझ्या ऐकिवांत नाहीं. कदाचित् म्हणूनच असेल, घरांत पाळलेला ससा शिंकूं लागला म्हणजे मंडळींना त्याचें कौतुक वाटतें. "पाहा, कसा माणसासारखा शिंकतो!" असें म्हणत मुलें त्याच्याभोंवतीं जमतात. त्या जमणाऱ्यांत मीहि होतों, आणि तें कौतुक आमच्या सशाला फार महाग पडलें. मी पशुवैद्य नव्हें. परंतु त्या प्रसंगानंतर जाणत्या पशुवैद्यांकडून जें समजून घेतलें आणि घरांतल्या सशांवरून जें पाहतां आलें, तें आज आपणांस सांगावयाचें योजिलें आहे.

घडलें तें असें. माझ्या नातवानें बाजारांतून दोन महिन्यांचा एक पांढरा ससा आणिला आणि त्याचें नांव कापूस असें ठेविलें. आठवड्याभरांत कापूस शिंकूं लागला. त्याच्या पुढच्या पायांच्या आंतल्या बाजूचे केंस चिकटून त्यांच्या बटा झाल्या होत्या. कोठें तरी ओल्यांत खेळला असेल, असें समजून आम्हीं ते पुसून टाकिले. पंधरा दिवसांनीं नाकांतून पिंवळट शेंबूड येऊं लागला. त्याच सुमारास नातवाला खोकला होऊन गेला होता, आणि त्याच्यासाठीं आणलेल्या अमॉक्सिसिलिन नांवाच्या गोड औषधाची बाटली अर्धी उरली होती. घरांत अशा बाबतींत निर्णय वडीलधाऱ्यानें द्यावयाचा, तसा तो मीं दिला. "लहान मुलाला जें चालतें, तें सशाला न चालावयास काय झालें?" असें म्हणून तें औषध पिचकारीनें मींच त्याला पाजलें. शिंका कमी झाल्याचा भास झाला, म्हणून दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाजलें. तिसऱ्या दिवशीं त्यानें गवताला तोंड लाविलें नाहीं. चौथ्या दिवशीं पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, आणि दिवेलागणीच्या आंत तो गेला. ससा सर्दीनें मेला, असें आम्हीं मुलाला सांगितलें. तें खरें नव्हतें. तो माझ्या औषधानें मेला, हें मला पुढें एका पशुवैद्यांनीं समजावून दिलें. आणि नातवाला तें सांगावयास मला आणखी एक वर्ष लागलें.

हें औषध सशाला विषासारखें कां झालें, तें पुढें ओघानें येईलच. आधीं सशाच्या नाकाविषयीं बोललें पाहिजे.

आपल्या घरांत जो ससा येतो तो आपल्या माळरानावरचा ससा नव्हे. पाळीव सशाचें मूळ स्पेन व पोर्तुगाल या देशांकडचें. तो जमिनींत बिळें करून राहणारा, आणि त्याचीं पिल्लें जन्मतः उघडीं व डोळे मिटलेलीं असतात. आपल्याकडचा रानससा बीळ करीत नाहीं, व त्याचें पिल्लूं अंगावर केंस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मास येतें. त्याला धरून आणून पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हेंहि जातां जातां सांगून ठेवितों. तेव्हां येथें सारें बोलणें त्या परदेशी मुळाच्या, पिंजऱ्यांतल्या सशाबद्दल आहे.

या प्राण्याच्या घशाची रचना अशी आहे कीं श्वासनलिकेवरचें झांकण मऊ टाळूच्या वरच्या बाजूस जाऊन बसतें, आणि हवेचा रस्ता सरळ नाकाशीं जोडला जातो. गवत चघळीत असतांनाहि त्याला शत्रूचा वास घेतां यावा, यासाठीं ही सोय उत्तम आहे. परंतु तिची किंमत अशी, कीं ससा नाकानेंच श्वास घेतो. आपलें नाक चोंदलें तर आपण तोंड उघडून रात्र काढतों. सशाला तो मार्ग जवळ जवळ बंद आहे. त्यांतून त्याची छाती पोटाच्या मानानें फारच लहान. एवढ्या मोठ्या पोटापुढें एवढीशी छाती, आणि तिच्यांत हृदय व फुप्फुसें दाटीवाटीनें बसविलेलीं. म्हणून फुप्फुसांचा थोडासा भाग निकामी झाला तरी त्याला तो जाणवतो. ज्याला आपण 'साधें पडसें' म्हणतों तें सशाच्या बाबतींत साधें नसण्याचें मुख्य कारण हेंच.

आणखी एक गोष्ट. ससा वास घेऊन खातो. नाक बंद झालें कीं त्याला अन्नाचा वास येत नाहीं व तो खाणें सोडतो. आणि सशानें खाणें सोडलें कीं त्याचें आंतडें मंदावतें. त्याचें पोट सतत चालूं राहण्यासाठींच घडलेलें आहे, त्याला ओकारीहि करतां येत नाहीं. बारा तास त्यानें कांहीं खाल्लें नाहीं व लेंड्या टाकल्या नाहींत, तर ती तांतडीची वेळ समजावी. पुष्कळदां नाकाच्या रोगानें नव्हे, तर त्यामुळें घडलेल्या उपासानें ससा दगावतो.

आतां हा रोग कोण करतो तें पाहूं. अनेक जंतु त्यास कारण होतात. परंतु सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा. हें नांव फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्यावरून पडलें. १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीवर काम करीत असतां त्यांनीं याच जंतूचा अभ्यास केला व जंतु दुबळे करून लस करण्याची युक्ति शोधून काढिली. आपल्या शेतकऱ्यांना हा जंतु नांवानें नसला तरी कामानें चांगला ठाऊक आहे. पावसाळ्याच्या तोंडाशीं गाईम्हशींना घटसर्पाची लस टोंचतात ना, तो घटसर्प याच जातीच्या जंतूचा. अर्थात् त्याचा प्रकार वेगळा. सशाच्या शिंकेनें गोठ्यांत घटसर्प येईल अशी भीति कोणीं बाळगूं नये.

दुसरा जंतु बोर्डेटेला ब्रॉंकिसेप्टिका. बेल्जियमचे ज्यूल बोर्डे यांनीं १९०६ सालीं डांग्या खोकल्याचा जो जंतु शोधला, त्याचा हा भाऊबंद. हा पुष्कळ सशांच्या नाकांत निरुपद्रवी पाहुण्यासारखा राहतो. पण गिनीपिगला त्यापासून जीवघेणा न्यूमोनिया होऊं शकतो. हौशी मंडळी ससा व गिनीपिग एका पिंजऱ्यांत ठेवितात व दोघे कसे गुण्यागोविंदानें नांदतात म्हणून चारचौघांना दाखवितात. तें करूं नये. याशिवाय स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनस वगैरे मंडळी आहेतच. त्यांचीं नांवें श्रोत्यांच्या लक्षांत राहिलीं नाहींत तरी कांहीं बिघडत नाहीं.

लक्षांत ठेवावयाचें तें हें, कीं हे जंतु बाहेरून अकस्मात् येऊन पडतात असें नाहीं. बहुधा आईच्या नाकांतून ते पिल्लाच्या नाकांत पहिल्या कांहीं आठवड्यांतच गेलेले असतात. ससा दिसावयास अगदीं धडधाकट, पण नाकांत जंतु बाळगून असलेला, असें नेहमीं घडतें. मग बाजाराची गर्दी, प्रवास, एकाएकीं बदललेलें खाणें, कुत्र्याची भीति, उन्हाळ्याचा ताप यांपैकीं कशानें तरी त्याची ताकद कमी होते आणि आंत दबून राहिलेला रोग डोकें वर काढतो. आमचा कापूस घरीं आल्यावर आठवड्याच्या आंतच कां शिंकूं लागला, याचा उलगडा मला येथें झाला.

परंतु ज्या एका कारणाचा दोष सर्वस्वीं आपल्याकडे येतो, तें कारण म्हणजे मूत्राचा वास. सशाचें मूत्र सांचून राहिलें कीं त्यांतून अमोनिया वायु सुटतो. नाकाच्या आंतल्या त्वचेवर अतिसूक्ष्म केसांची एक लव असते. ती सतत हलत राहून धूळ व जंतु बाहेर लोटीत असते. अमोनियानें ही लव दुखावते, आणि मग जंतूंना रान मोकळें होतें. "आमच्या पिंजऱ्याला मुळींच वास येत नाहीं" असें सांगणारे लोक उभ्यानें वास घेतात. त्यांचें नाक जमिनीपासून पांच फुटांवर, आणि सशाचें चार बोटांवर! गुडघे टेंकून, नाक पिंजऱ्याच्या तळाशीं नेऊन एकदां वास घ्यावा. डोळ्यांस किंचित् जरी झोंबलें, तरी त्या जागीं ससा चोवीस तास श्वास घेत आहे हें ध्यानांत आणावें. मीं हा प्रयोग कापूस गेल्यानंतर त्याच्या रिकाम्या खोक्यावर केला.

आतां लक्षणें. पहिलें अर्थात् शिंकणें. दुसरें, नाकांतला स्राव. तो प्रथम पाण्यासारखा, मागून पांढरा किंवा पिंवळट व घट्ट होतो. मात्र नाक पाहून फसण्याचा संभव आहे, कारण ससा मोठा टापटिपीचा प्राणी. तो पुढच्या पंजांनीं नाक पुन्हां पुन्हां पुसून स्वच्छ ठेवितो. म्हणून नाक पाहण्याआधीं पंजे पाहावे. आंतल्या बाजूचे केंस चिकट, गुंतलेले, वाळून कडक झालेले असतील, तर तो त्याचा रुमाल समजावा. आम्हीं तो रुमाल पाहिला, आणि पुसून टाकिला.

नाकांतून हा रोग चहूंकडे पसरूं शकतो. अश्रुनलिकेच्या वाटेनें डोळ्यांत गेला तर डोळे पाणावतात व खालचे केंस झडतात. कानाच्या आंतल्या भागांत शिरला, तर ससा मान एका बाजूस कलती करतो. पुढें तोल जाऊन तो गोल गोल फिरूं लागतो. (मान कलण्याला एक दुसराहि सूक्ष्म परोपजीवी कारण असतो, त्याची निवड वैद्यानेंच करावी.) फुप्फुसांत उतरला तर न्यूमोनिया होतो, आणि यांत मोठा कपट असा कीं ससा कण्हत नाहीं, खोकतहि फारसा नाहीं. तो नुसता कोपऱ्यांत अंग चोरून बसतो. दुर्बल प्राण्यानें दुखणें लपवावयाचें हा रानांतला जुना नियम तो आपल्या घरांतहि पाळतो. तेव्हां ससा निजला असतां त्याची कूस पाहून श्वास मोजण्याची संवय ठेवावी. स्वस्थ सशाचे श्वास मिनिटाला तीस ते साठ पडतात. नाकाचें फुरफुरणें मोजूं नये. त्याचा वेग निराळा असतो. आणि वैशाखांतल्या दुपारीं हे श्वास फार वाढले, तर तो रोग नसून उष्म्याचा त्रास असूं शकेल. तीस अंशांपुढची उष्णता सशाला सोसत नाहीं, हें सोलापूर-नागपूरकडच्या मंडळींनीं विशेष लक्षांत घ्यावें.

प्रत्येक शिंक रोगाचीच असते असें मात्र नव्हे. वाळल्या गवताची धूळ, घरांतल्या उदबत्तीचा वा डांस घालविण्याच्या कॉइलचा धूर, फिनेलचा उग्र दर्प, यांनीं चांगला ससाहि शिंकतो. कधीं गवताची काडी नाकपुडींत अडकते. मग स्राव एकाच बाजूनें येतो. आणि एक कारण असें आहे कीं जें मला ऐकूनहि प्रथम खरें वाटेना: दांत. सशाचे दांत जन्मभर वाढत असतात. चावावयास भरपूर गवत नसलें, पोळीचे तुकडे व बिस्किटें यांवरच त्याला वाढविलें, तर दांत झिजत नाहींत. त्यांचीं मुळें वरच्या अंगास सरकतात व शेजारून जाणारी अश्रुनलिका दाबतात. डोळा गळतो आणि आपण म्हणतों, सशाला सर्दी झाली. अशा वेळीं कितीहि औषध दिलें तरी व्यर्थच.

उपचाराविषयीं बोलतांना माझ्यासारख्यानें हात राखूनच बोललें पाहिजे. पशुवैद्य नाकाच्या खोलांतून बारीक बोळ्यानें स्राव घेऊन तो तपासावयास पाठवितात, कोणता जंतु आहे व तो कोणत्या औषधानें मरतो हें पाहतात, आणि जरूर तर छातीचें व दांतांचें क्ष-किरण चित्र घेतात. नंतर एन्रोफ्लॉक्सासिन, किंवा ट्रायमेथोप्रिमचें सल्फा औषधाशीं केलेलें मिश्रण, अशांपैकीं एखादें औषध देतात. तें दोन-चार दिवसांत संपत नाहीं; कित्येकदां आठवडेच्या आठवडे द्यावें लागतें. ससा खेळूं लागला म्हणून मध्येंच औषध बंद करणें, ही घरोघर होणारी चूक आहे. शिवाय जुनाट रोग्याच्या नाकांतलीं पातळ वळणदार हाडें झिजून गेलेलीं असतात, म्हणून जंतु पुरते हटतीलच असें नाहीं. रोग ताब्यांत राहतो व थंडीपावसाला पुन्हां डोकावतो. सशाचा पू देखील माणसाच्या पुवासारखा पातळ होऊन वाहून जात नाहीं. तो खव्यासारखा घट्ट होतो. त्यामुळें त्याला गळूं झालें तर नुसतें फोडून भागत नाहीं, बहुधा शस्त्रक्रियेनें काढूनच टाकावें लागतें.

आतां त्या गोड बाटलीबद्दल. सशाच्या पोटांत जें मोठें आंधळें आंतडें आहे, त्यांत असंख्य उपकारक जंतु गवताचें पचन करीत असतात. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, तसेंच लिंकोमायसिन व क्लिंडामायसिन हीं औषधें तोंडावाटें दिलीं कीं या उपकारक जंतूंचा संहार होतो; मागें राहिलेले क्लॉस्ट्रिडियम जातीचे दुष्ट जंतु माजतात व त्यांचें विष अंगांत भिनतें. जुलाब लागतात, आणि एकदां ते लागले कीं ससा वांचणें कठीण. पेनिसिलिनचें इंजेक्शन तज्ज्ञ पशुवैद्य कांहीं प्रसंगीं देतात, ती गोष्ट वेगळी. स्टेरॉइड जातीचीं औषधेंहि सशाची रोगाशीं झुंजण्याची शक्ति खच्ची करतात. दबलेला रोग त्यांनीं उसळतो. सारांश, माणसाच्या कपाटांतली बाटली सशाच्या तोंडाला लावूं नये, मग ती लहान मुलाची असो वा डॉक्टरांनीं लिहून दिलेली असो. छातीला चोळावयाचा उग्र बाम तर त्याच्या जवळपासहि आणूं नये. ज्याला नाकाशिवाय वाट नाहीं त्याचें नाक झोंबवून काय साधणार?

घरीं करण्यासारखें मात्र पुष्कळ आहे. कोमट पाण्यांत बुडवून पिळलेल्या मऊ फडक्यानें नाक व पंजे दिवसांतून दोन-तीनदां पुसावे. कोथिंबीर, पुदिना, तुळस असा वासाचा पाला पुढें ठेवावा, म्हणजे चोंदलेल्या नाकालाहि अन्नाची वार्ता लागते. ताजी हरळी व चांगलें वाळलें गवत सदैव असावें. परंतु पावसाळ्यांत गवताचा वास घेऊन पाहावा. कुबट वास आला, बुरशीचा ठिपका दिसला, तर तो भारा फेंकून द्यावा, किंमतीकडे पाहूं नये. कोंकणांत व घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणांत अंथरलेलें गवत सकाळचें संध्याकाळपर्यंत ओलें होतें; तेथें तें रोज बदलावें. पिंजरा वाऱ्याच्या झोतांत नको, आणि बंद कोंदट खोलींतहि नको. पावसाच्या भीतीनें चारी बाजूंनीं गोणपाट लावून पिंजरा गुदमरून टाकणारे प्रेमळ लोक मीं पाहिले आहेत. ती माया नाकाच्या मुळावर येते.

दुसरा ससा आणावयाचा झाल्यास त्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलींत ठेवावें, आणि जुन्याची देखभाल आधीं, नव्याची मागून करावी. हात साबणानें धुवावे. आपलें पडसें सशाला सहसा लागत नाहीं. त्याच्या दांतांनीं वा नखांनीं जखम झाली तर मात्र पाश्चुरेला आपल्या अंगांत शिरूं शकतो, म्हणून अशी जखम लगेच धुऊन डॉक्टरांना दाखवावी. घरांत कोणी फार अशक्त असेल, तर त्यानें शिंकणाऱ्या सशाला मांडीवर घेऊं नये.

पशुवैद्य कोठें शोधावा, हा प्रश्न येतोच. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर पुष्कळ. सशाची माहिती असलेले थोडे. शिंक येण्याच्या आधींच विचारपूस करून ठेवावी. मुंबईंत परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. आमच्या सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथें तसें महाविद्यालय आहे. आपल्या भागांत असें कांहीं असेल तर तेथें चौकशी करावी, आणि "सशांवर उपचार करतां काय?" हें स्पष्ट विचारावें. विचारण्यांत अपमान कोणाचाच होत नाहीं.

ससा मान वर ताणून, तोंड उघडून श्वास घेऊं लागला, किंवा त्याचे ओठ निळसर दिसूं लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. त्याच घटकेस निघावें. नेतांना झांकणाला भोंकें असलेल्या पेटींत, खालीं फडकें घालून, उन्हापासून जपून न्यावें. त्याला उताणा धरूं नये. उताणा ससा निपचित पडतो, तें पाहून लोकांना वाटतें कीं तो निवांत झाला. वस्तुतः तो भीतीनें गोठलेला असतो, आणि पोटाचा सारा भार श्वासपटलावर येऊन उरलासुरला श्वासहि कोंडतो. चारी पाय खालीं, एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या अंगाखालीं, असा त्याला उचलावा. नातवाच्या घरीं सध्यां दोन ससे आहेत. त्यांचे पंजे दर रविवारीं तो स्वतः तपासतो आणि मला दूरध्वनीवरून कळवितो.